एव्हर्ट एकटा खोकला होता

नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, माझं सगळं माहीत असतं — माझी शाळेतली भांडणं, माझ्या वजनाचा खरा आकडा, आईशी फोनवर मी काय काय थापा मारते तेसुद्धा. हे एवढं माहीत नाही. दोनदा सांगायला बसले होते. एकदा त्याला ऑफिसचा फोन आला. दुसऱ्या वेळी कुणाचाच फोन आला नाही, तरी मी उठून कुकर लावला.

गोष्ट एका सभेची आहे. ती माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, दुसऱ्या महायुद्धात, नेदरलँड्समधल्या एका खेड्यात भरली होती. मी तिथे असण्याचा प्रश्नच नव्हता. मग माझा काय संबंध? तेच सांगायचं आहे, आणि नेमकं तेच सांगताना जीभ जड होते.

थोडं माझ्याबद्दल सांगते. पुण्यात मी एका पतसंस्थेत आठ वर्षं नोकरी केली. मुख्य काम सभांची इतिवृत्तं लिहिण्याचं. तुम्ही कधी संचालक मंडळाची सभा पाहिली आहे? एकमेकांची उणीदुणी निघायची, एकदा तर पाण्याचा ग्लास भिरकावला गेला. मी शांतपणे लिहायचे — ‘सविस्तर चर्चेअंती ठराव एकमताने मंजूर करण्यात आला.’ सगळे खूश. ज्याने ग्लास फेकला तो आणि ज्याला लागला तो, दोघेही खाली सही करायचे. मला याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? कागदावर भांडण दिसू न देणं ही माझी कला होती.

मग नितीनला इकडे, नेदरलँड्समध्ये, नोकरी मिळाली आणि आम्ही कापेल आन डेन आयसेलला आलो. त्याच्या राहण्याच्या परवान्यावर त्याचं काम लिहिलेलं होतं, माझ्या परवान्यावर तो माझा नवरा आहे एवढंच. तो सकाळी गेला की मी खिडकीतून कालव्यातली बदकं मोजायचे. डच शिकायला वर्गात जाऊ लागले, दोन परीक्षा पास झाले, पण दुकानात तोंड उघडलं की समोरचा इंग्रजीत उत्तर द्यायचा. शेवटी आमच्या शिक्षिकेने सुचवलं की नदीपलीकडच्या एका खेड्यात इतिहास मंडळ आहे, त्यांना टाइप करणारं माणूस हवंय, तिथे जा. लढाई संपून साठ वर्षं व्हायची होती आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींचं ते पुस्तक काढत होते. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. हासुद्धा भित्रेपणाच, पण निदान तुम्हाला कळेल असा.

मंडळाचे अध्यक्ष हेंक. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, उंच, हसरे, पेन्सिल कायम कानावर. मला मनापासून वाटतं की या देशात मला माणूस म्हणून पहिल्यांदा कुणी वागवलं असेल तर हेंकनी. माझ्या चुका ते पेन्सिलने हलकेच दुरुस्त करायचे, आणि इंग्रजीत कधीही, एकदाही, वळायचे नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गावाची ती गोष्ट सांगितली — अभिनय करून.

देश जर्मनांच्या ताब्यात होता. त्यांच्या बाजूला गेलेल्या इथल्याच लोकांचे वक्ते खेडोपाडी फिरत आणि शेतकऱ्यांना सभेला बोलावत. शेतकरी हाच राष्ट्राचा कणा, जर्मनी तुमची कदर करतो, वगैरे. या गावातली सभा चीजच्या वखारीत झाली. गावकऱ्यांना जाणं भागच होतं. गेले, बसले. वक्ता बोलू लागला आणि एक जण खोकला. मग दुसरा. मग सगळी वखार खोकू लागली. वक्त्याला स्वतःचा आवाज ऐकू येईना. कुणाकुणाला पकडणार? खोकला काय गुन्हा आहे? शेवटी तो कागद गुंडाळून निघून गेला. तेव्हापासून दर वर्षी पाच मेला, देश मोकळा झाला त्या दिवशी, गाव दुपारी एकत्र जेवतं, आणि सूप वाढून झालं की सगळे एकदम खोकतात. लहान मुलंसुद्धा. हेंकनी मला खोकून दाखवलं, आणि मीही खोकले. फार गोड वाटलं होतं.

नेलबाई त्या गावातल्या सगळ्यांत वयस्कर बायकांपैकी एक. ऐंशी उलटलेल्या, एकट्या राहायच्या, दुकानात सायकलने जायच्या. सगळे त्यांना नुसतं नेल म्हणत. माझ्या तोंडून ते निघेना, आईपेक्षा मोठ्या बाईला नावाने हाक कशी मारणार? मी त्यांना मेव्राउ म्हणायचे, म्हणजे आपलं बाईच. मनात नेलबाई. माझं काम असं, की मंडळाचा जुना कॅसेट रेकॉर्डर घेऊन जायचं, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायचा, त्यांना बोलू द्यायचं आणि घरी येऊन टाइप करायचं. चीज कसं दाबतात, पुराच्या वर्षी गाई वरच्या मजल्यावर कशा चढवल्या, लग्नात बूट कुणाचे मागून आणले — त्या हळूहळू सांगायच्या. कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा उघडाच ठेवायच्या. या देशात ते मोठं प्रेम समजा.

चौथ्या की पाचव्या खेपेला मी सभेबद्दल विचारलं. खरं तर मला ते नुसतं उरकायचं होतं, गोष्ट तर पाठच होती.

नेलबाईंनी बराच वेळ टेबलक्लॉथवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “एव्हर्ट एकटा खोकला होता.”

एव्हर्ट हा दूध गोळा करणारा गाडीवान. चाळिशीचा, बायको होती, मूलबाळ नव्हतं. सभेच्या आदल्या दिवशी दूध घेता घेता दारोदार त्यानेच ठरवलं होतं की सगळ्यांनी खोकायचं. सगळे हो म्हणाले होते. नेलबाईंचे वडीलही. सभेत एव्हर्ट मागे, दाराशी होता. वक्त्याने सुरुवात केली आणि तो खोकला. मग आणखी मोठ्याने. आणि त्याने इकडेतिकडे पाहिलं. नेलबाई म्हणाल्या, ते पाहणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, तो आमची वाट बघत होता. कुणी खोकलं नाही. सगळे मान वळवून त्याच्याकडे बघत राहिले. तेव्हा नेलबाईंचे वडील उठले, हा माणूस प्यालेला आहे म्हणाले, आणि स्वतः दार उघडून धरलं. वक्त्याने त्याचं नाव विचारलं. वडिलांनी सांगितलं. मग भाषण तासभर चाललं, आणि शेवटी टाळ्या झाल्या. “मीही वाजवल्या,” नेलबाई म्हणाल्या. “सतरा वर्षांची होते. वडील वाजवत होते, म्हणून मी जोरात वाजवल्या.”

तीन आठवड्यांनी एव्हर्टला जर्मनीतल्या कारखान्यात कामाला नेलं. तो परत आला नाही. सभेमुळेच नेलं असं मी म्हणत नाही, पुष्कळांना नेलं, असंही त्या म्हणाल्या. पण नाव आमच्या घरातून गेलं होतं. लढाई संपल्यावर पहिल्या जेवणात कुणीतरी म्हणालं, आठवतं का खोकलो होतो ते, आणि खोकला. दुसरा खोकला. मग सगळे. एव्हर्टची बायको तिथेच बसली होती. तिने मान खाली घालून सूप संपवलं. ती मरेपर्यंत, तीसेक वर्षं, दर पाच मेला तिने ते सूप असंच संपवलं. आणि नेलबाई? त्या त्या वेळी नेमक्या आत भांडी घासायला जायच्या. म्हणजे खोकावं लागू नये.

मग त्या मला म्हणाल्या, “तुझ्याशी सावकाश बोलावं लागतं, म्हणून सांगता आलं. एरवी भराभर बोलताना हे कधी तोंडातून निघालंच नाही. तू लिही. इथलं कुणी लिहिणार नाही.”

मी हो म्हणाले. त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले.

आणि घरी येऊन टाइपही केलं, बरं का. दोन पानं. ती पुन्हा वाचून पाहिली. मग हेंक डोळ्यांसमोर आले. पुस्तकाची प्रस्तावनाच त्यांनी त्या खोकल्यावर लिहिली होती. आणि — हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते — त्याच आठवड्यात ग्रंथालयातल्या एका जागेसाठी मी अर्ज केला होता, आणि माझ्यासाठी शब्द टाकणार होते ते हेंकच. ती मला इथली पहिली नोकरी मिळणार होती. सगळ्या गावात माझ्याकडे बघून हात हलवणारी माणसं होती. त्यांना मी काय सांगू? की जो परत आलाच नाही त्याचा खोकला तुम्ही साठ वर्षं खोकताय, त्यातली तीस वर्षं त्याच्या बायकोसमोर?

कुणी मला गप्प बस म्हणालं नाही. हे नीट लक्षात घ्या. हेंकना मी ती पानं दाखवलीच नाहीत, मग ते काय म्हणाले असते कुणाला ठाऊक? कदाचित छापली असती. मास्तर माणूस, खऱ्याची चाड असलेला. मी त्यांना संधीच दिली नाही. दोन पानं पुसून टाकली आणि त्या जागी एक वाक्य लिहिलं — ‘वखारीतल्या सभेला सर्व गावकरी हजर होते.’ आठ वर्षांचा हात, चटकन वळला.

पुढचं याहून वाईट आहे.

प्रुफं आली. हेंकना नेलबाईंचा तो भाग त्रोटक वाटला, म्हणून त्यांनी तो आपल्या मनाने भरून काढला होता. नेलबाईंच्या नावाखाली आता असं होतं — ‘माझे वडील पहिले खोकले. मग सगळी वखार खोकू लागली.’ नेलबाईंच्या वडिलांना मान द्यावा, म्हातारीला बरं वाटेल, असा बिचाऱ्यांचा हेतू. समासात पेन्सिलने विचारलंही होतं, बरोबर आहे ना? मी खाली ‘बरोबर’ लिहिलं. प्रुफं नेलबाईंना वाचून दाखवायचं काम माझंच होतं. त्यांची नजर अधू आहे, त्यांना त्रास नको, असं सांगून मी ते टाळलं. सगळ्यांना वाटलं, किती काळजी घेते ही मुलगी.

पाच मेला पुस्तक निघालं. मला व्यासपीठावर बोलावून फुलं दिली. आठ दिवसांनी नेलबाईंचा फोन आला. भिंग लावून त्यांनी ते वाचलं होतं.

मी सायकलवरून गेले. वाटेत ठरवलं होतं की पाया पडून सगळं सांगायचं. त्या तशाच टेबलाशी बसल्या होत्या, पुस्तक उघडं ठेवून.

“मी असं म्हणाले होते?”

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. त्या मला खरंच विचारत होत्या. आणि त्या क्षणी मला सुटायची वाट दिसली.

“हो, मेव्राउ,” मी म्हणाले.

“वडील पहिले खोकले, असं?”

“हो.”

“आणि एव्हर्टचं?”

“एव्हर्टचं तुम्ही काहीच बोलला नाहीत. मनात असेल तुमच्या. सांगायचं राहून गेलं असेल.”

डच बोलताना मी नेहमी अडखळायचे. ही वाक्यं एकदाही न अडखळता बोलले.

टेप ऐकू या का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कॅसेट कमी पडतात म्हणून त्यावर दुसऱ्या कुणाचं रेकॉर्डिंग केलं. ती कॅसेट माझ्या घरी होती, स्वयंपाकघरात, रव्याच्या डब्यामागे. नेलबाईंनी पुस्तक मिटलं. “मला अगदी आठवतंय गं,” त्या म्हणाल्या, “इथेच बसून सांगितलं.” मग माझ्या हातावर थोपटून म्हणाल्या, “तुझी काही चूक नाही, पोरी. माझंच डोकं चालत नाहीसं दिसतंय.”

त्या दिवशी बोलता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही आलं असतं. पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी मारियान हिचा युट्रेख्टहून फोन आला, तेव्हाही आलं असतं. आईला वाटतंय की तिला भ्रम होतोय, ती म्हणाली, तुम्ही तिच्याशी इतक्या वेळा बोललात, तुम्हाला काही जाणवलं का?

मी म्हणाले, “थोडंसं.”

हा शब्द मी का उच्चारला? नाही म्हणायला काय झालं होतं? नाही म्हटलं असतं तर माझी गोष्ट कच्ची पडली असती, एवढंच. एक खोटं टिकवायला मी एका शहाण्या बाईला खुळ्यात काढलं.

मारियान त्यांना फॅमिली डॉक्टरकडे घेऊन गेली. नेलबाईंनी सायकल देऊन टाकली. गॅस बंद केला का, दार लावलं का, याच्या चिठ्ठ्या लिहून घरभर चिकटवू लागल्या. मी भेटायला जायचे, होय, जायचे, केळ्याचा केक घेऊन. प्रत्येक वाक्यानंतर त्या माझ्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, हे मी आधी सांगितलंय का? वर्षाच्या आत त्या वृद्धाश्रमात गेल्या. वय झालंच होतं, विसराळूपणा आधीपासून असेलच, असं मी स्वतःला किती वेळा समजावलं. पण तुम्हाला ते सांगणार नाही. मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांना पुराच्या वर्षीच्या गाईंची नावं पाठ होती, चौदाच्या चौदा.

पुढच्या पाच मेला हेंकनी नेलबाईंना वृद्धाश्रमातून आणवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या जेवणाच्या वेळी बाहेर, सगळ्यांबरोबर बसल्या. सूप वाढलं गेलं. सभेत हजर असलेल्या त्या एकट्याच उरल्या होत्या, म्हणून हेंकनी माइक त्यांच्यापुढे धरला. नेलबाई माझ्याकडे बघून बोलू लागल्या. “माझे वडील पहिले खोकले,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. धडा म्हणून दाखवताना बाईंकडे बघतात तसं माझ्याकडे बघत राहिल्या. बरोबर आहे ना?

मी मान हलवली.

“मग सगळी वखार खोकू लागली,” त्यांनी पुरं केलं. टाळ्या झाल्या, आणि दीडशे माणसं एकदम खोकली. नेलबाईही खोकल्या. इतक्या खोकल्या की डोळ्यांत पाणी आलं, मारियानने त्यांची पाठ चोळली आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. महिनाभराने मारियानने फोन करून विचारलं, आईच्या आवाजाची एखादी कॅसेट मंडळाकडे राहिली असेल का? घरात तिचा आवाज कुठेच नाही. कॅसेट अजून रव्याच्या डब्यामागेच होती. त्यात चीज होतं, लग्नातले बूट होते, गाई होत्या. आणि एव्हर्टही होता. मी नाही म्हणाले. शोधते, असंही म्हणाले नाही. मारियानने माझे आभार मानले. आईचं एवढं शांतपणे कुणीच ऐकून घेतलं नव्हतं, म्हणाली. फोन ठेवल्यावर मी कॅसेटमधली फीत ओढून बाहेर काढली, कात्रीने कापली आणि कचऱ्याच्या पिशवीत खाली, कांद्याच्या सालींखाली दाबली.

ग्रंथालयातली नोकरी मला मिळाली होती. अजून तिथेच आहे. ते पुस्तक आमच्याकडे आहे. कुणी मागितलं तर मीच काढून देते. गावाचं जेवण दर वर्षी होतं. मला बोलावणं येतं, मी जाते, आणि खोकते.

हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे. डच आता मला चांगलं लिहिता येतं. त्या गावात मराठी वाचणारं कुणी नाही.